दाणा न सांडणारी टाकी

सानगडी
२ मार्च २०२५

चि. सीता हिस,

भैय्याजीचे आशीर्वाद. नको असतील तर पाकिटातच राहू दे, पुढेमागे कामी येतील.

तुझ्या वीरेंद्रच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू मले म्हणाली होती का, "दादा, आजपासून मले फोन करायचा नाही." मी करून नाही राहिलो. हे पत्र आहे. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हती. आपण दोघं बोलत नाही हे माझ्या पक्कं ध्यानात आहे, म्हणूनच लिहून राहिलो.

आता तूच सांग, मी असं काय बोललो? तुझ्या दारात नव्या व्याह्यांचा चहा काळा झाला. दूध वाढवलं तरी काळाच. व्याही पेल्यात पाहून राहिले, एकमेकांकडे पाहून राहिले, पण घोट कोणी घेऊन नाही राहिलं. अशा वेळी मोठ्या माणसानं दोन शब्द बोलून हवा हलकी करावी लागते. मी म्हटलं, "सीताच्या घरचं पाणी पिणं म्हणजे गंजलेला खिळा चोखणं." सारा मांडव हसला. तू एकटी नाही हसली. यात माझी चूक का तुमच्या नाकाडोंगरीच्या बोरिंगची?

पण मी नुसता तोंडाचा माणूस नाही. उपाय काढला आहे. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची पत्र्याची टाकी. विकतची नाही, हातची. आधी माझ्या घरामागच्या सांदवाडीत बांधतो, मग तुझ्याकडे येऊन बांधून देतो. जन्मभर मी सानगडीच्या बाजारात पत्रा ठोकला आहे. आता दुकान पोरगा भूपेंद्र पाहते आणि प्लास्टिकच्या बादल्या विकते, ते जाऊ दे. पण माझ्या हातच्या धानाच्या कोठ्या अजून घराघरात उभ्या आहेत. एकीतून दाणा सांडत नाही. जिच्यातून दाणा सांडत नाही तिच्यातून पाणी कुठून जाईल?

रीना सूनबाई नमस्कार सांगते.

तुझा मोठा भाऊ
भैय्याजी

ता. क. उत्तर नाही दिलं तरी चालते. पण मग तुले टाकी केवढी पाहिजे ते मले कसं कळेल?

*

नाकाडोंगरी
१४ मार्च २०२५

दादा,

तुझे आशीर्वाद पाकिटातच ठेवले आहेत. पाकीट चुलीजवळ आहे.

मांडव पाण्यावर हसला असं तुले वाटते. मांडव माझ्यावर हसला. नव्या सुनेची माय पदर तोंडाले लावून हसली, अन् मी वरमाय असून हातात साखरेचा डबा घेऊन उभी राहिली. ते एक असो. पुढचं ऐक.

तुझी ती थट्टा माझ्या पोरानं मनावर घेतली. वीरू म्हणते का, "आई, मामाजी म्हणाले ते खरंच आहे. असलं पाणी पिऊन तू किती दिवस काढशील? घर विकून टाकू. नागपूरले चल." दिवाळीपर्यंत विचार कर म्हणाला. विचार त्याचा झाला आहे, मले फक्त हो म्हणायचं आहे. सातव्या माळ्यावर राहते तो. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मी तिथे एक हप्ता राहून पाहिलं, झाडू मारून खाली कोणाशी बोलावं तर खाली कोणी नाही.

मले जायचं नाही, दादा. या घरात मी नवरी होऊन आली. वीरूच्या बाबाले इथूनच खांद्यावर नेलं. हे घर तुझ्या एका बोलण्यानं बाजारात उभं राहिलं. तू हवा हलकी केली, माझं घर हललं.

तुझी टाकी-फाकी मले नको. कोठ्या ठोक अन् सुखी राहा.

फक्त एवढं सांग, पत्रा किती जाड घ्यावा लागते? मले नाही पाहिजे. शेजारची रत्नमाला विचारून राहिली होती.

सीता

*

सानगडी
६ एप्रिल २०२५

चि. सीता,

घर विकायची गोष्ट वाचून मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे भात जेवलो, पण भाजी तशीच ठेवली. वीरेंद्रले मी फोन केला असता, पण तो मले "मामाजी तुम्हीच तर म्हणाले होते" असं म्हणाला तर काय बोलू, हे सुचलं नाही. तेव्हा टाकीच बोलेल. माझी टाकी उभी राहिली का त्याले दाखवतो आणि तुझं घर तिथेच राहते. हा माझा शब्द आहे.

रत्नमालेसाठी लिहितो, तू वाचून दाखव.

साधा सपाट जस्ती पत्रा घ्यायचा. नालीदार छपराले, टाकीले नाही. पत्रे वाकवून गोल करायचे, काठ एकमेकात अडकवून लाकडी हातोडीनं ठोकायचे, वरून रिपीट मारायचे. कोठीले करतो तसंच. लोक जोडावर कथील वितळवून डाग देतात. डाग तो देते ज्याले आपल्या हातोडीचा भरवसा नाही. मी डांबराचा एक हात मारणार, बस. टाकी जमिनीवरच ठेवायची, खाली धानाच्या वाळल्या काड्यांची, तनशीची जाड गादी, म्हणजे बुडाले खडा लागत नाही. धानाच्या कोठीखाली आपल्या मायनं नेहमी तनसच घातली आहे. आणि तोटी अगदी बुडाशी. कोठीचं तोंड बुडाशी असते म्हणून शेवटचा दाणा निघते. तसा शेवटचा थेंब निघाला पाहिजे.

पत्रा पाठवू का? रत्नमालेसाठी.

भैय्याजी

*

नाकाडोंगरी
२० एप्रिल २०२५

दादा,

पत्रा पाठवू नको. तुमसरात मिळते.

तुझं पत्र मी रत्नमालेले ओसरीवर बसून वाचून दाखवलं. तिनं मधेच थांबवलं. ती बचत गटाच्या शेडवर स्वतः चढून छप्पर ठोकून आली आहे, घरी ड्रिल मशीन आहे तिच्या, अन् तोंडही आहे. म्हणते का, "बाई, धान जागेवर बसून राहते. पाणी कुठे बसते?" मी म्हटलं, माझा भाऊ या धंद्यात म्हातारा झाला. ती म्हणते का, धानाच्या धंद्यात.

आणखी विचारून राहिली होती का तनस भिजली तर काय होईल? अन् तोटी बुडाशी ठेवली तर सारा गाळ आधी हंड्यात नाही येणार का? हे तिचे प्रश्न आहेत. मले काही घेणं नाही.

वीरूचा फोन येते. पाण्याचं विचारत नाही आता. "सामान काय काय आणशील" विचारते. मी म्हटलं चूल आणीन. त्यानं फोन ठेवला.

सीता

*

सानगडी
४ मे २०२५

चि. सीता,

रत्नमालेले सांग, तनस भिजेल कशी? टाकी गळली तर भिजेल. टाकी गळणार नाही.

अक्षयतृतीयेच्या दिवशी टाकी उभी केली. पाहायले अर्धं सानगडी आलं होतं. उरलेलं अर्धं सावलीत बसलं होतं. भूपेंद्र म्हणाला, "बाबा, बाजारात प्लास्टिकची मिळते." मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कोणीतरी म्हणालं का, भैय्याजी, ही तर कोठीच दिसते. मी म्हटलं, हो, पण पाण्याची.

नवी कोठी रात्रभर रिकामी ठेवत नाही, हे तुले सांगायले नको. माय पहिल्या दिवशी हळदकुंकू लावून धान टाकायची, घरात बरकत राहते म्हणून. तसं मी केलं. माय ओंजळभर टाकायची, मी टोपलंभर टाकलं. टाकी मोठी आहे, ओंजळीचं काय दिसणार तिच्यात? माय असती तर तिनं हात फिरवून पाहिला असता. मले तर तेव्हा खरंच रडू आलं. लोकांनी पाहिलं नाही.

आता फक्त पाऊस पाहिजे.

भैय्याजी

*

नाकाडोंगरी
२५ मे २०२५

दादा,

मायची आठवण काढली म्हणून रागावत नाही. पण ते धान टाकीतून काढलं का? काढलं नसेल तर काढ रे बापा. पाण्यात धान काय करते ते तुले शेतकऱ्याच्या पोराले मी सांगू?

इकडे वीरूनं तुमसरचा एक दलाल पाठवला होता. तो माणूस फीत घेऊन माझ्या घरभर फिरला. देव्हाऱ्याची भिंतही मोजली. मी मुद्दाम बोरिंगच्या पाण्याचा चहा दिला, काळाकुट्ट. वाटलं, पळून जाईल. त्यानं पेला रिकामा केला अन् म्हणाला, "फर्स्टक्लास आहे, काकू." असा माणूस घर घेतल्याशिवाय राहत नाही.

रात्री झोप नाही लागत. उठून भिंतीले हात लावून येते. हसशील तर हस, तुले सवय आहे.

सीता

*

सानगडी
१३ जुलै २०२५

चि. सीता,

उत्तराले उशीर झाला. पावसाळ्यात कामं फार असतात.

टाकी उत्तम आहे. पाऊस भरपूर आहे. पाणी छपरावरून पन्हाळीत, पन्हाळीतून टाकीत, अगदी मनासारखं जाऊन राहिलं. पुढे कुठे जाते ते... म्हणजे पुढे ते टाकीतच राहते. पाण्याले सुरुवातीले थोडा वास होता, पेजेसारखा. मी म्हटलं पौष्टिक आहे. रीना म्हणाली, मग तुम्हीच प्या. पेलो. आता बरं आहे.

सांदवाडी यंदा गजब हिरवी झाली आहे. टाकीच्या पायथ्याशी रीनानं धोपा लावला, त्याची अळूची पानं सुपाएवढी झाली. एक दिवसाआड वड्या करते. म्हैसही आता गोठा सोडून टाकीजवळच बसते. तिले तिथे थंड वाटते. जनावराले चांगल्या पाण्याची पारख असते.

तनस मात्र बदलावी लागली. जुनी जरा जुनी झाली होती.

रत्नमालेनं टाकी बांधली का? नसेल बांधली तर तिले म्हण घाई करू नको. अशा कामात घाई करू नये.

भैय्याजी

*

नाकाडोंगरी
१० ऑगस्ट २०२५

दादा,

आता खरं सांगते. रत्नमालेले टाकी नको होती, तिचा घरचा नळ आहे. टाकी मले पाहिजे होती. ती अन् मी, आम्ही दोघींनी बांधली. तुमसरच्या पत्र्यावाल्यानं पत्रे गोल करून दिले, बाकी सारं आम्ही केलं. माझ्या बोटावर हातोडी बसली, नख काळं आहे अजून. जुलै सरता सरता टाकी उभी राहिली, अन् आता काठोकाठ भरली आहे. वरण शिजते. चहा चहासारखा दिसते. पहिला चहा केला तेव्हा मी पेल्यात पाहतच राहिली. तुझ्यावरचा राग थोडा कमी झाला, थोडाच.

वीरूले फोन करून सांगतलं. तो बायकोले, रिताले घेऊन आला. टाकीवर टिचक्या मारल्या, चहा पेला, चांगला आहे म्हणाला. मग म्हणते का, "आई, नवी आहे म्हणून धरून आहे. वर्षभरात गंजली, गळायले लागली तर तू कोणामागे धावशील? मामाजींनी जन्मभर पत्रा ठोकला आहे. त्यांची टाकी उन्हाळ्यापासून उभी आहे. ती पाहून येतो. ती चांगली असली तर घर विकायचं नाव काढणार नाही. ती गळत असली तर तू मुकाट्यानं चल." मले हो म्हणावं लागलं. पोरगं मामावर विश्वास ठेवते त्याले मी नाही कसं म्हणू?

तर दादा, माझं घर आता तुझ्या टाकीवर उभं आहे. तुझी टाकी उत्तम आहे असं तू लिहिलंच आहे, म्हणून मले काळजी नाही.

सीता

*

सानगडी
२६ ऑगस्ट २०२५

चि. सीता,

तुझ्या टाकीचं वाचून आनंद झाला. नखाले हळद लाव.

वीरेंद्रनं येऊ नये असं मी म्हणत नाही. आपलं घर आहे. पण सध्या साकोलीकडून येणारा रस्ता खराब आहे. टाकीले रंग द्यायले काढली आहे, ओल्या रंगात टाकी नीट दिसत नाही. म्हैसही मारकी झाली आहे, नव्या माणसाले सांदवाडीत जाऊ देत नाही. दिवाळी झाल्यावर यावं असं माझं मत आहे.

आणि एक विचारतो. तू लिहिलं नाही का टाकी बांधली कशी. तू खाली तनस घातली का? जोडाले नुसतं डांबर मारलं का? तोटी बुडाशी ठेवली का? धान टाकलं का? मी लिहिलं होतं ते सारं तसंच केलं का? सीता, मले खरं खरं लिही. माझ्या मनाले बरं वाटावं म्हणून काही लिहू नको. लवकर लिही.

भैय्याजी

*

नाकाडोंगरी
५ सप्टेंबर २०२५

दादा,

तू सांगतलं ते एकही केलं नाही. खाली विटांचा ओटा बांधून सिमेंट ओतलं. जोडाले कथलाचा डाग दिला, आतून सिलिकॉन भरलं. तोटी बुडापासून वीतभर वर. धान वाटीत घालून झाकणावर ठेवलं, चिमण्यांनी खाल्लं. तुले राग येईल तर येऊ दे.

वीरू पुढच्या रविवारी, चौदा तारखेले येऊन राहिला. रस्त्याचं, रंगाचं अन् म्हशीचं मी त्याले सांगतलं. तो हसला.

सीता

*

सानगडी
१५ सप्टेंबर २०२५

चि. सीता,

वीरेंद्र येऊन गेला. टाकी पाहिली. जेवण केलं. धोप्याच्या वड्या त्याले आवडल्या, रीनानं डब्यात बांधून दिल्या आहेत.

टाकीबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही. टाकी जागेवर आहे.

भैय्याजी

*

नाकाडोंगरी
२८ सप्टेंबर २०२५

दादा,

तू तीन ओळींचं पत्र लिहिशील असं मले जन्मात वाटलं नव्हतं. तुझी ता. क.सुद्धा तीन ओळींपेक्षा मोठी असते. तवाच समजली का काहीतरी झालं आहे.

आता माझं ऐक. तुले मी फोन बंद केला होता, रीनाले नाही. तिच्याशी माझं काय भांडण? ती दर आठवड्याले फोन करते. तुझी टाकी उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यानं भरून पाहिली तवाच तिन्ही बाजूनं गळली, हे मले त्याच संध्याकाळी कळलं. तनस कुजली, टाकी एका अंगाले कलंडली, जोड उघडला, सारं कळलं. टोपलंभर धानाले टाकीत मोड आले अन् भूपेंद्र नाक धरून उतरला, तेही कळलं. तुझं पत्र यायचं का सारं उत्तम आहे, अन् रीनाचा फोन यायचा का काय फसलं. तुझं जे फसायचं ते मी अन् रत्नमाला वेगळं करायचो. तू नसता फसला तर माझी टाकी उभी राहिली नसती. हे मी थट्टेनं नाही लिहून राहिली.

मग विचारशील का, गळते हे माहीत असून वीरूले कायले पाठवलं? तर ऐक. मले तुझा स्वभाव माहीत आहे. वाटलं, दादा मरेल पण माझी टाकी गळते असं म्हणणार नाही. आदल्या दिवशी पाइप लावून काठोकाठ भरेल, भेगांवर डांबर थापेल, म्हशीले पुढे बांधेल अन् छाती काढून दाखवेल. तेवढा एक तास ती पाणी धरेल अन् माझं घर वाचेल. मी तुझ्या खोटं बोलण्यावर भरवसा ठेवून बसली होती, दादा. देवाले दिवाही लावला होता त्यासाठी.

रविवारी संध्याकाळी वीरूचा फोन आला. म्हणाला, "आई, मामाजींची टाकी गळते." मी खाटेवर बसली. म्हटलं, संपलं.

मग त्यानं सारं सांगतलं. तू त्याले चहा न देताच सांदवाडीत नेलं म्हणे. टाकी रिकामी होती, भरलीही नव्हती. धोप्याची पानं बाजूले करून एकेक भेग दाखवली. म्हणाला, "हे पाहा, इथून गळते. इथून. अन् इथून तर मले दिसलंही नव्हतं, म्हशीनं दाखवलं. चाळीस वर्षं धान भरायच्या कोठ्या केल्या, मले वाटलं पाणीही धानासारखं ऐकते. मी तुझ्या मायले जे जे सांगतलं ते ते चुकीचं होतं. तिनं एकही ऐकलं नाही. म्हणून तिची टाकी धरून आहे, अन् धरून राहील. मले या कामातलं आता एवढंच पक्कं कळते."

वीरू म्हणते का, मग तू ओसरीवर येऊन बसला. नंतर म्हणाला, "तिले नागपूरले नेलं तर मी भाऊबीजेले कुठे जाऊ? तुमच्या लिफ्टीत माझा जीव घाबरते."

माझ्या पोराले काय वाटलं असेल ते असेल, तो मले म्हणाला, "आई, मामाजींच्या तोंडून माझं चुकलं असं मी जन्मात ऐकलं नाही. ज्या माणसानं स्वतःची टाकी गळते म्हणून सांगतलं, त्यानं तुझी चांगली म्हटली तर ती चांगलीच असली पाहिजे. तू राहा तिथेच." दलालाले त्यानं त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं.

मी फोन ठेवला अन् खूप रडली. मग हसली. मग रत्नमालेले बोलावलं अन् तिले सांगता सांगता पुन्हा रडली. तिनं चहा केला. लालबुंद, मस्त.

खोटं बोलला असता तर माझं घर वर्षभर वाचलं असतं. तू खरं बोलला. अन् हे तू मले लिहिलं नाही! धोप्याच्या वड्यांचं लिहिलं!

भाऊबीजेले ये. व्याह्यांनाही बोलावलं आहे, सारे तेच, मांडवात हसले होते ते. सुनेची माय पण. सगळ्यांसमोर एक पेला पाणी पी, अन् काय म्हणायचं ते मोठ्यानं म्हण. तेवढ्या मोठ्यानं जेवढ्या मोठ्यानं त्या दिवशी म्हटलं होतं.

तुझे आशीर्वाद चुलीजवळून उचलून देव्हाऱ्यात ठेवले आहेत.

सीता

ता. क. फोन केला तर उचलीन.

*

सानगडी
८ ऑक्टोबर २०२५

चि. सीता,

रीनाले मी काही बोललो नाही. तिनंच पत्र वाचून दाखवलं, माझा चष्मा सापडत नव्हता. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. मी म्हटलं, वाच पोरी, आपल्यावरचंच आहे.

वीरेंद्र पक्का नाही. घरातली गोष्ट घरात ठेवायची असते हे नागपूरले शिकवत नाहीत वाटते. म्हशीचं त्यानं वाढवून सांगतलं आहे. एक भेग म्हशीनं दाखवली, बाकीच्या मी स्वतः शोधल्या.

भाऊबीजेले येतो. पाणी पितो. मोठ्यानं म्हणतो. काय म्हणायचं ते मी इथे ओसरीवर रोज म्हणून पाहून राहिलो, भूपेंद्र विचारते, बाबा कोणाशी बोलून राहिले? चहाही घेईन. दोनदा घेईन, व्याह्यांनी मोजावं.

माझी ती टाकी मोडणार नाही. ओल वाळली का खाली लाकडी फळ्या घालतो आणि यंदाचं नवं धान तिच्यात भरतो. तिच्यातून एक दाणा सांडणार नाही, हे मात्र लिहून घे.

पण पाण्याची टाकी मले पाहिजेच. सांदवाडीत दुसऱ्या अंगाले जागा साफ केली आहे. तेव्हा तू मले सारं पहिल्यापासून लिही. ओटा केवढा केला, विटा कशा लावल्या, डाग कोणत्या बाजूनं दिला, तोटी नेमकी कुठे. रत्नमालेलेही विचार आणि तिचे शब्द तसेच लिही, शिव्या असतील तर त्याही. फोनवर सांगू नको, फोनवर मी मधे बोलतो.

तू लिहिशील तसंच करीन. उलटं काही करणार नाही.

तुझा भाऊ
भैय्याजी